काळ्या सायकलचा सीआरआर: दोन्ही दिशांची सरासरी फसवते तेव्हा

मंडळी, किलोमीटरमागे किती किलोकॅलरी लागतात ते सांगणाऱ्या चालणे-पळणे-सायकल तक्त्यातला सायकलचा आकडा मागच्या नोंदीत ‘पक्का’ म्हणून दिला होता. तो मागे घ्यावा लागतोय.

तीच २८ × १½ टायरची काळी सायकल, तोच स्वार, तेच ४५ पीएसआय. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर संध्याकाळच्या कोस्टडाउनमध्ये (पेडल न मारता सायकल आपोआप मंदावू द्यायची चाचणी) सीआरआर, म्हणजे चाक लोळताना होणारा रोध भागिले वजन, आला ०.०११ आणि पहाटेच्या चाचणीत ०.००६९. दोन्ही वेळा जाता-येता मोजून सरासरी काढलेली, म्हणजे उतार आणि वारा आपोआप कटायला हवे होते. ७० किलोचा माणूस, २२ किलोची सायकल, ताशी १५ किमी, सीडीए (हवेला अडणारे परिणामी क्षेत्रफळ) ०.५५ चौरस मीटर, साखळीची कार्यक्षमता ९५ टक्के आणि स्नायूंची २४ टक्के धरली, तर पहिल्या आकड्याने किलोमीटरला १५.९ किलोकॅलरी लागतात, दुसऱ्याने १२. एवढ्या फरकावर तक्ता काय लावणार?

चालण्या-पळण्याच्या ओळी मात्र जागच्या जागी आहेत. सपाटीवर चालताना दर किलोला दर मीटरला ०.१ मिलि ऑक्सिजन, पळताना ०.२. लिटरला ५ किलोकॅलरी धरा, ७० किलोला किलोमीटरमागे ३५ आणि ७०. हे बसल्या जागेचा खर्च वगळून. तो धरला तर ताशी ५ किमी चालण्याचे जवळपास ५० होतात, ताशी १० किमी पळण्याचे ७७. चालणाऱ्याचा आकडा जास्त फुगतो, कारण त्याला वेळ जास्त लागतो. एका ओळीत निव्वळ आणि दुसरीत एकूण खर्च घालून सायकल ‘पाचपट स्वस्त’ ठरवणारे तक्ते जागोजागी दिसतात. त्यांच्या नादी लागू नका.

आता मूळ दुखणे. संध्याकाळचा दोष वाऱ्याचा निघाला. रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे समोरच्या वाऱ्यात जेवढे गमावतो तेवढे पाठीमागच्यात परत मिळत नाही. सायकल सेकंदाला २ मीटरवर आणि वारा ३ मीटरचा (पाने हलतात, एवढाच) असेल, तर एका बाजूला वर्ग २५, दुसऱ्या बाजूला उणे १, सरासरी १२. वारा नसता तर ४. वरचे ८ गुणिले ०.३ म्हणजे २.४ न्यूटन, आणि ते सीआरआरमध्ये ०.००२७ होऊन बसतात. ही ०.३ (हवेची निम्मी घनता गुणिले सीडीए) इंदूरच्या हवेसाठी आहे: साडेपाचशे मीटर उंचीवर घनता सुमारे १.१. ऑनलाइन कॅल्क्युलेटर मुकाट १.२२५ धरतात, तेवढा आकडा बदलून घ्या.

०.०११ मधून ते काढले तरी ०.००८३ उरतात. पहाटे तर वारा पडलेला होता, मग आकडा त्याहूनही कमी कसा? इथे दोन दिवस गेले. चूक सरासरीतच होती. ताशी १० किमीवरून सोडल्यावर, हवेचा रोध वजा करून, चढाकडे ३७ मीटर आणि उताराकडे ८२ मीटर अंतर भरले. त्यांची सरासरी साडेएकोणसाठ, त्यावरून ०.००६९. पण सरासरी अंतरांची घ्यायचीच नसते, मंदनांची (वेग कमी होण्याच्या दरांची) घ्यायची. अंतर मंदनाच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे उताराकडचा लांबलचक आकडा सगळे आपल्याकडे ओढतो. मंदन वेगवेगळे काढले की चढाकडे ०.०११, उताराकडे ०.००५, मधोमध ०.००८. डोळ्याला सपाट वाटणारा रस्ता ०.३ टक्के उताराचा होता!

खात्रीसाठी तळघरातल्या रिकाम्या पार्किंगमध्ये पुन्हा मोजले. गवंड्यांच्या पाणी भरलेल्या लेव्हल-नळीने ३० मीटरला ६ सेंमी उतार निघाला, गटाराच्या दिशेने. दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर अंतर सोडून टेपच्या रेघांची एकेक जोडी, प्रत्येक जोडीसमोर सेकंदाला १२० फ्रेमवर मोबाइल, आणि अंतर जोडीच्या मध्यापासून मध्यापर्यंत. थांबेपर्यंत जाऊ देऊ नका. सेकंदाला एक मीटरच्या खाली हँडल डुगडुगते, पाय टेकतो आणि मोजमाप वाया जाते. आत येताना वेग सेकंदाला ३ मीटर, बाहेर पडताना चढाकडे १.५२ आणि उताराकडे २.०९. मंदनांची सरासरी ०.०९४३, जडत्वाचे वस्तुमान ९६ किलो (रिम-टायरच्या फिरण्याचे चार किलो वरून धरलेच पाहिजेत), म्हणून ९.१ न्यूटन. हवेचे १.९ वजा. उरले ७.२, सीआरआर ०.००८. रस्त्याशी जुळला! डांबर आणि काँक्रीट दोन्हीकडे तोच आकडा आल्यावर जिरावण (इंदुरी मसाला) जरा जास्त मारून पोहे खायला हरकत नाही. तक्त्यात आता १३ किलोकॅलरी, बसल्या जागेचा खर्च धरून १८.

दोन किरकोळ गोष्टी. सायकलमीटरमध्ये ७०० × २३ ची सेटिंग (२०९६ मिमी) राहिली तर या चाकाचा वेग ६ टक्के कमी दिसतो आणि वर्गात ११ टक्के. रेघ मारून, वर बसून एक फेरा मोजा: २.२२ मीटर. आणि रबरी नळीच्या जुन्या वॉलवर गेजचा भरवसा नाही, ते ट्यूबमधला नाही तर वॉल उघडायला लागणारा दाब दाखवते. मोटारसायकलसारख्या वॉलची ट्यूब घाला.

हे लिहिताना सुचले, की एवढा खटाटोप हवाच कशाला? सामान तोलायचा डिजिटल लटकता काटा इंदूरच्या सियागंज बाजारात सहज मिळतो. पाच मीटर दोरीने स्वारासकट सायकल चालण्याच्या वेगाने ओढायची. ७.२ न्यूटन म्हणजे काट्यावर सुमारे ७३५ ग्रॅम, आणि ताशी ४ किमीला हवेचा वाटा जेमतेम ३५-४०. बल सरळ मोजले जात असल्याने दोन दिशांची साधी सरासरीही चालते. अडचण एकच: हात हलला की काटा नाचतो. मध्ये सायकल-ट्यूबचा तुकडा बांधून बघणार.

त्यामुळे ठरलेली स्केट्सची चाचणी पुढे ढकलली आहे. काटा जमला तर आधी हातगाडी ओढायची, रिकामी आणि मग १०० किलो कांदे लादून.