मस्टरमधला एक चौकोन

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायच्या कारखान्यात, मी सहा वर्षं काढली. म्हणायला अकाउंटंट, प्रत्यक्षात बँक, चलनं, चहाचा हिशेब, मस्टर, सगळं माझ्याच टेबलावर. कामगार आठ. दहाच्या आत असल्यामुळे ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू नाही, आणि शेठ दहावा माणूस कधी होऊच देत नसत.

हजेरी दोन ठिकाणी लिहायचो. कच्च्या वहीत खरी: 500 रुपये रोज, 26 हजेऱ्या, 13,000 पगार, समोर कामगाराची सही. पक्क्या मस्टरमध्ये त्याच माणसाच्या 18 हजेऱ्या आणि 9,000. रोजाचा दर कागदावर बरोबर दिसतो, आकडा मात्र कमी होतो. अपघाताच्या विमा पॉलिसीचा हप्ताही पगारावर ठरतो, त्यामुळे तोही कमी. हे मी माझ्याच अक्षरात लिहीत होतो आणि मला त्यात फार काही वाटत नव्हतं. सगळ्याच गाळ्यांत चालतं, असं म्हणायचो.

2021 सालचा ऑगस्ट. शनिवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी माल उठवायची घाई. 30 टनी प्रेसवर पेठकडचा 24 वर्षांचा मुलगा होता. जुनी पिन क्लचची प्रेस. पायडल एकदा दाबलं की रॅम, म्हणजे वरचा दाबणारा ठोकळा, एकदाच खाली यायला हवा. क्लचची पिन झिजली की तो न सांगता पुन्हा येतो. पोरं म्हणायची, ‘डबल मारतेय.’ दोन दिवस ती डबल मारत होती. फिटरनं हे शेठना माझ्यासमोर सांगितलं होतं. ‘शनिवारी बघू,’ म्हणाले. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला लावायचं गार्ड मी नोकरीला लागलो तेव्हापासून स्क्रॅपच्या पिंपामागे उभं होतं. गार्ड लावून, चिमट्यानं जॉब काढत बसलं तर तासाचे नग भरत नाहीत.

चहाच्या थोडं आधी सगळ्या प्रेस एकदम थांबल्या. असं फक्त लाइट गेल्यावर होतं. पण माझ्या डोक्यावरचा पंखा फिरत होता.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बुडापासून. कुणीतरी रसवंतीवरून बर्फ आणला आणि बोटं थेट त्यातच टाकली. नंतर डॉक्टर रागावले: ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, मग ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. तसं केलं असतं तरी उपयोग नव्हता. कापली नव्हती, ठेचली होती.

रिक्षात तो एकच विचारत होता, “भाऊसाहेब, आजची हजेरी पडेल ना?”

दवाखान्यात नोंद करताना डॉक्टरांनी विचारलं, कुठं झालं, कसं झालं. तेवढ्यात शेठचा फोन. “घरी झालं म्हणून सांगा. आणि मस्टरला आज ‘ग’ टाका.” ग म्हणजे गैरहजर. पक्कं मस्टर मी महिनाअखेरीस भरायचो, त्यामुळे चौकोन रिकामाच होता. फोन ठेवला आणि डॉक्टरांना सांगितलं: अंबडला, कारखान्यात, पॉवर प्रेसवर. फार धाडस वगैरे नव्हतं. समोर तो हात होता, दुसरं काही सुचलंच नाही.

संध्याकाळी परत आल्यावर मस्टर काढलं आणि त्या चौकोनात ‘ह’ लिहिलं. शेठ समोर बसले होते. आता म्हणत होते, गार्ड त्यानंच काढलं असं लिहून घेऊ. कामगारानं जाणूनबुजून गार्ड काढलं तर अशा अपघातात मालक सुटू शकतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मी म्हटलं, “शेठ, त्या गार्डवर सहा वर्षांची धूळ आहे.”

मग मी हिशेब मांडला. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्यात एका हाताची दोन बोटं गेली की कमाईची क्षमता 20 टक्के गेली असं धरायचे. पगाराच्या 60 टक्क्यांना वयाच्या गुणकानं गुणायचं. 24 वर्षांना तो 218.47 होता. त्याचे 20 टक्के. तेरा हजारांवर 3,40,813 रुपये येतात, नऊ हजारांवर 2,35,948. मधला एक लाखाहून जास्त फरक माझ्या अक्षरातल्या आठ हजेऱ्यांचा होता. मी कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिलं.

विमा कंपनीनं पक्कं मस्टरच मागितलं, अर्थातच. मुलाच्या भावाला मी सांगितलं, दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो, थांबू नका. कामगार न्यायालयात तेव्हा भरपाई आयुक्त बसायचे, तिथं वकिलामार्फत अर्ज लागला. महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि वर दंड लागू शकतो, आणि तो दंड विमा कंपनी भरत नाही, हे शेठच्या वकिलानंच त्यांना समजावलं. कच्ची वही माझ्याकडे आहे, हे मी समजावलं. तडजोड 13,000 धरून झाली आणि आयुक्तांसमोर नोंदवली गेली. वरचा फरक शेठनं खिशातून भरला. माझी नोकरी त्याच्या आधीच गेली होती.

पैसे मिळाल्यावर तो घरी आला होता. पेढे आणले होते. डाव्या हातानं खोका पुढे केला, बसला, आणि मग जरा वेळानं विचारलं, “भाऊसाहेब, बाकीच्या दोन वर्षांच्या आठ-आठ हजेऱ्या कुठं गेल्या?” मी पेढा हातात धरून होतो.