आयर्नच्या गोळ्या, एचपीएलसी आणि बाराव्या आठवड्यातली सुई

कॉलेजपासून माझं हिमोग्लोबिन दहाच्या आसपास. आई म्हणायची धड खात नाहीस, मग बीट, खजूर, अळिवाचे लाडू, आणि वर्षातले दोन-तीन महिने आयर्नच्या गोळ्या ठरलेल्या. गोळ्यांनी पोट बिघडायचं आणि आकडा आपला तिथंच. बायकांचं रक्त कमीच असतं असं सगळे धरूनच चालतात, मीही चालले.

दिवस राहिले तेव्हा सातव्या आठवड्यात सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची नेहमीची तपासणी केली, तर नव्या डॉक्टर मॅडमचं बोट थेट एमसीव्हीवर, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकारावर. ६२. आणि लाल पेशींची संख्या ५.६. म्हणाल्या, आयर्न कमी असेल तर पेशी लहान होतात पण सहसा संख्याही घटते, तुझ्या लहान आहेत आणि भरपूर आहेत. मोबाईलवर ६२ भागिले ५.६ केलं, ११ आलं, १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा. थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार. बास, एवढंच गणित. इतक्या वर्षांत माझ्या कितीतरी सीबीसी झाल्या, प्रत्येक कागदावर हे दोन्ही आकडे छापलेले असणार ना, राग येतो अजून.

मग एचपीएलसी, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिनचा कुठला प्रकार किती ते मोजायची तपासणी. त्यातला एचबीए टू हा प्रकार ५.४ टक्के, नॉर्मल साधारण साडेतीनपर्यंत. मायनर म्हणजे आजार नाही, नुसती वाहक, त्यामुळे मी निवांत होते, पण मॅडम म्हणाल्या मिस्टरांचं आजच करा. त्याचं आलं ५.१, म्हणजे तोही वाहक. त्या रात्री आम्ही दोघं जेवलोच नाही.

थॅलेसेमिया म्हणजे सिंधी, लोहाणा लोकांमध्ये असतो एवढंच ऐकलेलं, आणि आम्ही दोघंही सातारकडचे, नात्यातलं लग्नही नाही. दोघांच्या रक्ताची डीएनए टेस्ट झाली, म्युटेशन सेम निघालं, आयव्हीएस वन-फाइव्ह, भारतात सगळ्यात जास्त सापडणारं. काउन्सेलर ताईंनी रिपोर्टच्या पाठीमागे पेनानं काढून दाखवलं. अकराव्या क्रोमोसोमवर बीटा ग्लोबिनचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका भागाचा जीन, साधारण सोळाशे अक्षरांचा. त्याची नक्कल निघाली की मधले नको असलेले तुकडे पेशी कापून टाकते आणि उरलेलं जोडते, शिंपी करतो तसं. आमच्यात पहिल्या नको असलेल्या तुकड्याचं पाचवं अक्षर जी होतं तिथं सी झालंय, म्हणजे कात्री कुठं लावायची ती खडूची खूणच पुसट, मग कापड भलतीकडेच कापलं जातं आणि बीटा ग्लोबिन फारच कमी बनतं. एक अक्षर हो!

सासूबाईंचा प्रश्न, ग्रहणात बाहेर पडली होती म्हणून का? माझ्याही डोक्यात आधी केलेला एक्स-रे होताच. ताई म्हणाल्या, रेडिएशननं, तंबाखूनं पेशींमध्ये नवीन म्युटेशन होतात हे खरं, पण हे तुमचं जुनं आहे, कितीतरी पिढ्यांमागे कुणाच्या तरी डीएनएची कॉपी होताना चूक झाली, आणि मायनर असणाऱ्यांना मलेरिया तितका जीवघेणा व्हायचा नाही म्हणून ती टिकली. म्हणजे खापर फोडायचंच तर डासावर.

बाळाला दोन्ही कॉप्या बिघडलेल्या मिळायचा चान्स २५ टक्के, प्रत्येक गरोदरपणात नव्यानं. तसं झालं तर थॅलेसेमिया मेजर, म्हणजे खरा आजार, पहिल्या दोनेक वर्षांतच दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला सुरुवात, आणि त्या रक्तातलं आयर्न हृदयात-लिव्हरमध्ये साठतं ते काढायला वेगळं औषध. मी आयुष्यभर ज्याच्यासाठी लाडू खाल्ले तेच.

बाराव्या आठवड्यात सीव्हीएस, म्हणजे वारेचा नमुना घेऊन बाळाचा डीएनए तपासायचा. आधी फॉर्मवर सह्या, त्यातली एक मुलगा-मुलगी जाणून घ्यायचं नाही याची. मग सोनोग्राफीत बघत बघत पोटातून सुई, वारेचा चिमूटभर तुकडा घेतला, कळ आली पण दोन-तीन मिनिटांत झालं. गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो आधी स्पष्ट सांगितला होता. माझं रक्त परत घेतलं, त्या तुकड्यात माझ्या पेशी मिसळल्या नाहीत ना ते तपासायला. लॅबमधली मुलगी बशीत पाणी घालून ते पांढरे तंतू चिमट्यानं वेगळे करत होती, ओल्या शेवयांसारखे दिसत होते.

नऊ दिवस थांबलो. मेजर आलं तर काय करायचं हे आम्ही ठरवलं होतं, ते इथं लिहीत नाही. रिपोर्ट आला, बाळ मायनर. नवरा पार्किंगमध्ये गाडीची चावी लावायची सोडून तसाच बसून राहिला.

लेक आता दीड वर्षाची आहे. मागच्या महिन्यात ताप आला म्हणून घराजवळच्या डॉक्टरांकडे नेलं, सीबीसी केली, त्यांनी बघितलं आणि म्हणाले रक्त कमी आहे हिचं, आयर्नचं सिरप देतो, तीन महिने द्या. मी पिशवीतून फाईल काढली आणि म्हटलं, डॉक्टर, आधी फेरिटिन, म्हणजे आयर्नचा साठा किती आहे ते बघू या का?