इम्पॅक्ट: अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा

जाड आणि अरुंद वळणाचा टाइप, म्हणजे फॉन्ट, समोर आला, की नजर आधी त्याच्या काळेपणावर पडते. अशा टाइपाचे खरे कसब मात्र अक्षरांच्या पोटात उरलेल्या पांढऱ्या जागेत असते, असे माझे ठाम मत आहे.

‘इम्पॅक्ट’ हा टाइप जेफ्री ली यांनी रेखाटला आणि इंग्लंडमधल्या शेफील्डच्या स्टीफनसन ब्लेक या छपाईचे खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीने तो १९६५ मध्ये धातूच्या खिळ्यांत आणला. ठरलेल्या आकारात कागदावर जास्तीत जास्त शाई उतरावी, हा ली यांचा हेतू होता. त्यासाठी त्यांनी इंग्रजी स्मॉल अक्षरांचे मुख्य अंग इतके उंच केले, की ‘बी’चा वर जाणारा दांडा आणि ‘पी’चा खाली उतरणारा भाग जेमतेम डोकावतात, ओळी त्यामुळे एकमेकींना खेटून लावता येतात. ‘ओ’ तर गोल उरलेलाच नाही. दोन उभ्या भिंती, वर-खाली वळलेले कोपरे आणि मध्ये एक अरुंद फट, एवढाच तो आहे. ही फट किंचित कमी केली तर अक्षर बुजते, वाढवली तर शब्दाचा ठोसपणा जातो. स्मॉल ‘ई’मध्ये त्याच फटीत आडवी रेघही बसवायची असते, म्हणून आडव्या रेघा उभ्या दांड्यांपेक्षा पुष्कळ बारीक ठेवलेल्या दिसतात.

साधा फॉन्ट संगणकावर बाजूंनी दाबून हे साधत नाही. तसे केल्यास उभे दांडे बारीक होतात, आडव्या रेघांची जाडी तशीच राहते आणि सगळा तोल उलटा होतो. अमेरिकी टाइप-रेखाटनकार मॉरिस फुलर बेंटन यांनी १९०३ मधील ‘ऑल्टरनेट गॉथिक’ या अरुंद टाइपासाठी तीन वेगवेगळ्या रुंदींचे संच रेखाटले होते, ते उगाच नव्हे.

मथळा, भित्तिपत्रक, पुस्तकाचे मुखपृष्ठ ही या टाइपाची हक्काची जागा. विंडोजबरोबर ‘इम्पॅक्ट’ घरोघरी पोहोचला आणि काळ्या कडेच्या पांढऱ्या अक्षरांत मीमवर स्थिरावला. मागचे चित्र कसेही असो, तो वाचता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे. परिच्छेदासाठी मात्र तो वापरू नये. लहान आकारात फटी भरून येतात आणि ‘ए’, ‘ई’, ‘एस’ एकसारखे भासू लागतात.

देवनागरीत हे काम आणखी अवघड होते, कारण शिरोरेषा आधीच एक जाड आडवा पट्टा व्यापते, ‘क्ष’ किंवा ‘ष्ट’च्या पोटात जागा नसते आणि वेलांटी-उकारांना वर-खाली मोकळीक द्यावीच लागते. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘टेको’ या देवनागरी फॉन्टमध्ये गोलाया सरळ करून उभ्या दांड्यांची लय राखली आहे, आणि मला तो मार्ग योग्य वाटतो. तरीही मराठी मथळा दोन ओळींचा असेल, तर पहिल्या ओळीचे उकार दुसरीच्या मात्रांत अडकणार नाहीत इतके अंतर सोडूनच तो लावावा.