राग माणूस बघून येतो

"मॅडम, तुम्हाला राग कसा येत नाही हो?" हा प्रश्न मला दोन ठिकाणी हमखास विचारला जातो. एक, माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या बायका विचारतात. दोन, आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची मंडळी विचारतात. त्या ग्रुपची मी ॲडमिन आहे (कशी झाले ते विचारू नका, दुसरं कुणी तयार नव्हतं). एरवी मी हसून वेळ मारून नेते. पण तुम्ही विचारलंतच, म्हणून जरा बैजवार सांगते.

राग येतो. चांगला सणसणीत येतो. शिकाऊ गाडीत डावीकडच्या सीटवर, दोन्ही पाय क्लच-ब्रेकवर ठेवून नागपूरच्या रस्त्यांवरून रोज फिरणाऱ्या बाईला राग येत नसेल तर तिने डॉक्टरला दाखवावं. पण त्या सीटवर बसून एक गोष्ट मला पक्की कळली. लोक म्हणतात ना, "राग अनावर झाला", "डोकंच फिरलं, मला काही सुचलंच नाही", ते मला आता अजिबात पटत नाही. रागाला सगळं सुचतं. समोरची गाडी केवढ्याची, आत बाई आहे की पुरुष, काचेवर कोणत्या पक्षाचं स्टिकर आहे, हा सगळा हिशेब डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो. मग ठरतं, भडकायचं की गप बसायचं.

शंकर नगर चौकातली गोष्ट सांगते. स्टिअरिंगवर बँकेतून रिटायर झालेल्या एक काकू होत्या. सिग्नल हिरवा झाला, काकूंचा क्लच पटकन सुटला, गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली. मागे लगेच हॉर्नचा गजर. एक पोट्टा बाईक घेऊन खिडकीला येऊन भिडला, बोनेटवर थाप मारून म्हणाला, "आंटी, घर में बैठो ना! किसने बोला गाडी चलाने को?" काकूंचे कान लाल झाले, हात चावीवर थरथरायला लागले. मी म्हटलं, "आधी क्लच पूर्ण दाबा, न्यूट्रल करा, मग चावी. त्याच्याकडे बघू नका." गाडी सुरू झाली. थोडं पुढे पानठेल्यासमोर एक पांढरी मोठी एसयूव्ही अर्धा रस्ता अडवून उभी होती. दार सताड उघडं, चालकाचा एक पाय बाहेर, खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटणं निवांत चालू. तोच पोट्टा तिच्या मागे आला. थांबला. बघितलं. आणि डिव्हायडरच्या कडेकडेने, हॉर्नचं बटणसुद्धा न दाबता, गुपचूप निघून गेला.

काकूंनी ते पाहिलं होतं. म्हणाल्या, "याला काहून नाही बोलला काही?"

त्या दिवशी काकूंचा क्लच काही सुधारला नाही, पण मुद्दा त्यांनी नेमका पकडला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. 1968 साली अमेरिकेत डूब आणि ग्रॉस या दोन संशोधकांनी कॅलिफोर्नियात एक साधा पण फार खट्याळ प्रयोग केला. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी मुद्दाम हलवायची नाही, आणि मागचा किती वेळाने हॉर्न मारतो ते मोजायचं. कधी पुढे नवी चकचकीत क्रायस्लर, कधी जुनाट खटारा. खटाऱ्याच्या मागच्या 84 टक्के चालकांनी हॉर्न मारला, क्रायस्लरच्या मागच्या 50 टक्क्यांनीच. त्यातली खरी गंमत पुढे आहे. कॉलेजच्या मुलांना नुसतं कागदावर विचारलं की तुम्ही काय कराल, तर मुलगे म्हणाले, आम्ही महागड्या गाडीला आधी हॉर्न मारू! कागदावर सगळेच शूर असतात.

माझ्या गाडीवर तर लाल रंगाचा भला मोठा एल लिहिलेला. म्हणजे खटाऱ्याच्याही खालची पायरी. खरं तर एल बघून माणसाने जरा अंतर ठेवावं, म्हणून तो लावायचा असतो. होतं उलटंच, तो एल बघूनच लोकांना जोर चढतो. नंबरप्लेटही वाचली जाते. एमएच-31 आणि 49 नागपूर शहरातल्या, 40 ग्रामीणची. एमएच-40 दिसली की "गाववाला दिसतो" म्हणून दोन हॉर्न जास्तीचे. आणि भांडणाची भाषा ऐका कधी. नागपुरात रस्त्यावरचं भांडण "अबे ओ" करत हिंदीतच सुरू होतं. घरी, दारी, बाजारात मराठी बोलणारी दोन माणसं एकमेकांना हिंदीत झोडपत असतात. मध्येच एकाच्या तोंडून "राजेहो, तुमचीच चुकी हाये ना बाप्पा" असं निघून गेलं की निम्मी हवा जाते. त्यानंतर दोघांच्या गावाची चौकशी सुरू होते आणि मागची गर्दी विनाकारण उभी राहते.

उन्हाने डोकं तापतं असं लोक म्हणतात, ते मात्र मी मान्य करते. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की माणसाचं तापमानही वर जाणारच. अमेरिकेतलं फिनिक्स आपल्यासारखंच भट्टीचं गाव. तिथे 1986 साली केनरिक आणि मॅकफार्लेन यांनी हाच हिरव्या सिग्नलचा प्रयोग वेगवेगळ्या तापमानात करून पाहिला. जितकी गरमी जास्त तितके हॉर्न जास्त, आणि काचा उघड्या ठेवून गाडी चालवणाऱ्यांमध्ये हा परिणाम सगळ्यात ठळक. म्हणून उन्हाळ्यात बारा ते चारमध्ये नव्या बाईच्या हातात मी स्टिअरिंग देतच नाही. पहाटेची बॅच, तीही सिव्हिल लाइन्सकडच्या मोकळ्या रस्त्यांवर. आणि आमच्या धंद्यात एसी बंद ठेवून पेट्रोल वाचवायची जी जुनी सवय आहे, ती मी कधीच पाळली नाही. पेट्रोल जातं, जाऊ दे. घामाने डबडबलेली बाई हाफ क्लच शिकत नाही, फक्त चिडायला शिकते.

पण ऊन सगळ्यांनाच लागतं. एसयूव्हीच्या मागेही तेच ऊन होतं.

तर मी काय करते? रस्त्यावरचं सांगायला फार नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, कारण नजरेला नजर भिडली की दोघांनाही माघार घेणं जड जातं. आपली चूक असो-नसो, तळहात वर करायचा, जसं "असू दे भाऊ" म्हणतो तसं. बहुतेकांचा फुगा तिथेच बसतो. चूक कोणाची होती त्याचा निकाल मनातल्या मनात लावा, कोणी अडवलेलं नाही. मागून डिप्पर मारतोय तर जाऊ द्या पुढे. आणि हे बायकांना मी बजावून सांगते: कोणी पिच्छा करतोय असं वाटलं तर घराकडे वळायचंच नाही. गर्दीच्या पेट्रोल पंपावर किंवा थेट पोलीस ठाण्यात गाडी घाला, काचा बंद, दारं लॉक आणि 112 लावा. इथे धाडस दाखवण्याची जागा नाही.

यावर काही जणी म्हणतात, "पण मग तो राग आतल्या आत साचतो ना? भडास काढली की मोकळं वाटतं." वाटतं, हे खरं. पण राग कमी होत नाही. 2024 मध्ये शेरविक आणि बुशमन यांनी रागावरच्या 154 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात दिसलं की शरीराची धडधड उतरवणाऱ्या गोष्टी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, योगासनं, यांनी राग उतरतो. धडधड वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरत नाही, जॉगिंगने तर उलट वाढतो. आमच्या घरचा अनुभव याहून वेगळा नाही. आमचे हे चिडले की तावातावाने फुटाळा तलावाला एक चक्कर मारून येतात. परत येतात तेव्हा राग तेवढाच असतो, फक्त मुद्दे क्रमाने लावलेले असतात.

आता ग्रुपचं सांगते, कारण खरं रणांगण तिथे आहे.

आमच्या ग्रुपवर सगळ्यात स्फोटक मेसेज शिवीगाळीचा नसतो. तो असा असतो: "काही लोकांना साधी अक्कल नाही." नाव कुणाचंच नाही, त्यामुळे प्रत्येकाला तो आपल्यालाच वाटतो. मग पाच जण एकदम "टायपिंग" दिसायला लागतात. विषय कुत्र्यांना पोळ्या घालण्याचा असो, पार्किंगचा असो, की कूलरचं पाणी खालच्या गॅलरीत पडण्याचा. लिहिणारा तासाभराने मेसेज डिलीट करतो, तेव्हा तर कहरच होतो. ज्यांनी वाचला नव्हता ते वाचलेल्यांना फोन करून विचारतात, आणि तोंडी सांगताना मूळ मेसेज दुप्पट तिखट होतो.

पण इथेही राग माणूस बघूनच येतो. आमच्याकडे एक काकाजी आहेत. तळमजल्यावर भाड्याने राहणारी इंजिनीअरिंगची पोरं, वॉचमन, कचरागाडीवाला यांच्याबद्दल ते असं काही लिहितात की वाचताना आपल्याच अंगाला चटका बसावा. त्याच गल्लीत एका मोठ्या हुद्द्यावरच्या गृहस्थांनी फाटकाबाहेर रस्त्यावर कुंड्या मांडून स्वतःपुरती पार्किंग अडवली आहे. त्यावर काकाजींनी लिहिलेला मेसेज माझ्याकडे आहे: "आदरणीय सर, एक नम्र विनंती, आपल्या सोयीने विचार व्हावा, कृपया गैरसमज नसावा." खाली हात जोडलेले तीन इमोजी. तेच काकाजी, तोच अंगठा. अनावर झालेला राग इतक्या छान मराठीत लिहीत नाही.

भांडण पेटलं की एखादा मला धमकी देतोच, "ॲडमिनवरच केस करतो." त्यांच्यासाठी सांगते. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठानेच गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे की एखाद्या सदस्याने ग्रुपवर आक्षेपार्ह काही टाकलं तर त्यात ॲडमिनचाही संगनमताने हात होता असं दिसल्याशिवाय, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. म्हणजे मी मध्ये पडते ती भीतीने नाही.

मध्ये पडते म्हणजे काय करते, तर फोन करते. ग्रुपवर "कृपया शांतता राखा" असं लिहिणाऱ्या ॲडमिनचं कुणीही ऐकत नाही, मीही ऐकणार नाही. फार झालं तर सेटिंग बदलून रात्रीपुरतं फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करून ठेवते. एकदा काकाजी त्या पोरांच्या बाईकच्या सायलेन्सरवरून असेच पेटले होते. "यांना फटके मारून हाकलून दिलं पाहिजे" वगैरे. मी फोन लावला.

"काकाजी, जेवण झालं का?"

"झालं. पण पाहिलं ना मॅडम, हे पोट्टे कसे माजून रायले!"

"पाहिलं. तुमचं बरोबर आहे, रात्री तो आवाज नकोच. उद्या सकाळी जाऊन तुम्ही बोलता का त्यांच्याशी? मी पण येते."

पलीकडे शांत. मग म्हणाले, "मी? नाही बाप्पा. तुम्हीच सांगून द्या."

म्हणजे ज्याला फटके मारायचे होते त्याच्या दारावर टकटक करायचीही तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी मी गेले. त्या पोरांना कुणी समोर येऊन सांगितलंच नव्हतं. बाईक आता गल्लीच्या तोंडाशी बंद करून ढकलत आणतात. रोज नाही, पण बरेचदा.

यावरून कुणी असं समजू नये की मी सगळ्यांना थंड डोक्याने जगा म्हणते. माझं म्हणणं उलट आहे. राग खरा असेल तर तो जिथे लागू पडतो तिथे न्या. तो पत्ता बहुधा आपल्याला माहीत असतो, फक्त तिथे जायला भीती वाटते किंवा कंटाळा येतो. आमच्या गल्लीच्या वळणावर पाइपलाइनसाठी रस्ता खोदला आणि नीट न बुजवता लोक निघून गेले. पावसाळ्यात तिथे गुडघाभर खड्डा. एका नवीन भाडेकरूच्या कारने त्यातलं पाणी दोन बायकांच्या अंगावर उडवलं, तर ग्रुपवर त्याचा दोन दिवस उद्धार चालला. खड्डा खोदणाऱ्याचं नाव एकानेही काढलं नाही. मी म्हटलं, चला, अर्ज लिहू. फोटो काढले, खोली मोजली, पत्र टाइप केलं, सगळ्यांना सांगितलं की संध्याकाळी माझ्या घरी सही करायला या. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. घरी आले ते तो भाडेकरू, पाणी उडालेल्या त्या दोघी, आणि क्लच शिकणाऱ्या त्या बँकेच्या काकू, ज्या आमच्या कॉलनीत राहतसुद्धा नाहीत. काकूंची सही चालणार नव्हती, पण त्यांनी चहा केला.

अर्ज मी स्वतः नेऊन दिला, शिक्का मारलेली प्रत परत घेतली. खड्डा अजून तिथेच आहे. आवक क्रमांक माझ्याकडे आहे. ज्यांना राग काढायचा असेल त्यांनी मला पर्सनलवर मेसेज टाकावा, लगेच पाठवते. ऑफिस सोमवार ते शुक्रवार चालू असतं.