दोन-एक, आणि न्यूकॅसलची सत्तर वर्षं

१६ मार्च २०२५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, इंग्लिश फुटबॉलच्या लीग कपची फायनल: न्यूकॅसल युनायटेड २, लिव्हरपूल १. वर्ष उलटलं तरी ही ओळ लिहिताना माझ्या अंगावर काटा येतो. मी त्या दिवशी वेम्बलीत नव्हते. न्यूकॅसलमध्येच, शेजारच्या काकांच्या बैठकीच्या खोलीत होते. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने बोलवायला माझी जीभ वळत नाही. आता त्यांनाही ‘काका’ म्हणजे काय ते ठाऊक झालंय. ते मला ‘पेट’ म्हणतात. सुरुवातीला मी बिचकायचे. मग कळलं, आपल्याकडे ‘बाळ’ म्हणतात ना, तेच हे.

मी कोल्हापूरची. फुटबॉलचं वेड घेऊनच इथे आले. आमच्याकडे तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ आहेत, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगितलं तरी पटकन खरं वाटत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही सगळी तालमींची नावं. आखाड्याच्या लाल मातीतून आलेले हे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की अख्खी पेठ गॅलरीत येऊन बसते. बाबा पाटाकडीलचे. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून त्यांचं बोट धरून मॅचला जायची.

म्हणून न्यूकॅसल मला फार परकं वाटलंच नाही. सेंट जेम्स पार्क हे बावन्न हजारांचं स्टेडियम गावाबाहेर कुठे हायवेलगत नाही, शहराच्या ऐन मध्यात उंचावर आहे. भाजी आणायला निघालं तरी डोळ्यांसमोर तेच. इथल्या लोकांची बोलीही लंडनवाल्यांना नीट कळत नाही आणि ह्यांना त्याचं काही वाटत नाही. छान म्हणायचं तर ‘कॅनी’, मूल म्हणजे ‘बेर्न’, आणि संघाला आरोळी ‘हावे द लॅड्स’, म्हणजे चला रे पोरांनो. आपली बोली छातीवर मिरवणारं गाव मला लगेच ओळखू येतं.

फक्त एका बाबतीत हे गाव वेगळं होतं. ते वाट बघत होतं. देशातली मोठी स्पर्धा शेवटची जिंकली होती १९५५ साली, एफए कप. त्यानंतर एकच मोठा चषक, युरोपातल्या क्लबांचा १९६९ चा फेअर्स कप; त्याची फायनल दोन सामन्यांची होती. काका तेव्हा दहा वर्षांचे. फायनलचा घरचा सामना त्यांनी वडिलांबरोबर सेंट जेम्स पार्कवर पाहिला. वडील वॉल्सेंडच्या जहाजगोदीत कामाला, मुलाला घेऊन उभ्याच्या स्टँडमध्ये. बुडापेस्टच्या उयपेस्ट संघाला त्या दिवशी ३-० ने हरवलं. कॅप्टन बॉबी मॉन्कर बचावफळीतला, तोवर क्लबसाठी त्याच्या नावावर गोल नव्हता, आणि फायनलच्या दोन सामन्यांत त्याने तीन मारले. काका हे सांगतात तेव्हा कालची गोष्ट सांगितल्यासारखं सांगतात.

आणि मग नुसते पराभव. १९७४, १९७६, १९९८, १९९९, २०२३. पाच वेळा वेम्बलीला फायनल खेळायला जायचं आणि रिकाम्या हाताने परतायचं. काका पाचही वेळा गेले. सहाव्यांदा मात्र गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. मला ते खरं वाटलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

समोर लिव्हरपूल, लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर. आपला अँथनी गॉर्डन निलंबित, लुईस हॉल जखमी. आणि तरीही पहिल्या मिनिटापासून न्यूकॅसलच वरचढ. ब्रूनो, टोनाली आणि जोएलिंटन यांनी मधलं मैदान असं काही ताब्यात घेतलं की लिव्हरपूलला श्वास घ्यायला मिळेना. जोएलिंटनबद्दल मला वेगळी माया आहे. २०१९ मध्ये स्ट्रायकर म्हणून मोठ्या रकमेला आणलेला, गोल होईनात म्हणून लोकांनी हिणवलेला. प्रशिक्षक एडी हाऊ यांनी त्याला मिडफिल्डमध्ये घेतलं आणि तिथे त्याचा पहिलवान झाला. त्या दिवशी एक टॅकल जिंकून त्याने मुठी आवळल्या, ते बघून काका खुर्चीतून उठून उभे राहिले.

पंचेचाळिसावं मिनिट. ट्रिपिअरचा कॉर्नर, आणि पेनल्टी स्पॉटच्या आसपास डॅन बर्न एकटा हवेत. सहा फूट सात इंचाचा माणूस. हेडर असा बसला की गोलकीपरला काही करता आलं नाही. बर्न हा इथून जवळच्या ब्लिथ गावचा. लहानपणी न्यूकॅसलच्या अकादमीने त्याला नको म्हणून सोडून दिलं होतं. पुढे सुपरमार्केटमध्ये ट्रॉल्या ढकलल्या, खालच्या लीगमधून चढत आला, २०२२ मध्ये घरी परतला. फायनलच्या दोनच दिवस आधी, बत्तिसाव्या वर्षी, इंग्लंडच्या संघात त्याची पहिल्यांदा निवड झाली होती. गोल दुसऱ्या कुणी मारला असता तरी आनंद झालाच असता. पण पेठेतल्या पोराने मारलेला गोल वेगळा असतो, हे कोल्हापूरकराला समजावून सांगायला नको.

मध्यंतरानंतर इसाकने दुसरा मारला. २-० झाल्यावर खरं तर निवांत व्हायला हवं होतं. काका उलट गप्प झाले. आठ मिनिटं जादा वेळ दिल्याचा बोर्ड दिसला, आणि चौथ्या मिनिटाला किएझाने लिव्हरपूलचा गोल केला. आधी ऑफसाइडचं निशाण वर गेलं, मग व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी, तो गोल दिला. २-१.

काका उठले आणि स्वयंपाकघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. ते भांडी घासायला लागले होते.

मी जागच्या जागी थिजले. कारण हे मी आधी पाहिलं होतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील एका गोलने पुढे असलं की शेवटच्या पाच मिनिटांत बाबा मला शेजाऱ्याच्या हवाली करून गेटबाहेर जाऊन उभे राहायचे. नुसता आवाज ऐकायचे. आरोळी कुठल्या बाजूची, त्यावरून काय झालं ते ओळखायचे. लहानपणी मला वाटायचं, बाबांना मॅचचा कंटाळा येतो.

तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून बोलत राहिले. चेंडू आपल्याकडे. थ्रो आपला. त्यांचा कॉर्नर नाही, गोलकिक. बर्नने काढला. पुन्हा बर्नने काढला. नळ चालूच होता. शिट्टी वाजली तेव्हा मला ओरडता येईना, घसा आवळला होता. रस्त्यावरून, वरच्या मजल्यावरून, सगळीकडून एकदम आवाज उठला, आणि नळ बंद झाला. काका दारात आले, हात ओलेच. काही बोलले नाहीत. माझं डोकं दोन्ही ओल्या हातांत धरलं आणि रडायला लागले.

या क्लबच्या मालकीबद्दल मला इथे लिहायलाच हवं. २०२१ पासून तो मुख्यतः सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या मालकीचा आहे. त्या राजवटीचं मानवी हक्कांबाबतचं वागणं मला मान्य नाही, आणि तो पैसा या यशामागे आहे हेही खरं. काकांशी यावरून माझा वाद झाला आहे आणि पुढेही होईल. पण त्यांचे ओले हात त्या पैशाचे नव्हते.

२९ मार्चला मिरवणूक निघाली. टाउन मूरच्या मोकळ्या माळावर माणसांचा समुद्र, सगळे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत. काका चालत आले, गुडघ्यांसकट, पूर्ण वाट.

पण फायनलच्या रात्री, शिट्टीनंतर पहिला फोन मी कोल्हापूरला लावला होता. तिकडे मध्यरात्र. बाबा पहिल्याच रिंगला बोलले, म्हणजे जागेच होते.

“किती?”

“दोन-एक.”

“शेवटी त्यांनी मारला व्हय एक?” ते थोडं थांबले. “तू बघत बसलीस शेवटपर्यंत?”

“बसले.”

“मला न्हाई जमलं असतं बघ, पोरी.”