पाइनची साल वडाला

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली जिथे कायम ओल असायची, तिथे भिंतीच्या फटीत एक वड उगवला होता. कावळ्यांची कृपा. सासरे दर दिवाळीला तो छाटायचे आणि दर पावसाळ्यात तो परत हजर, असं पाच-सहा वर्षं चाललं. शेवटी घर दुरुस्तीला काढलं तेव्हा गवंड्याने छिन्नीने दोन विटा फोडून तो अख्खा काढला आणि माझ्या हातात दिला. विटांच्या फटीत वाढल्यामुळे मुळं पोळीसारखी चपटी झालेली, आणि इतक्या वेळा छाटल्यामुळे बुंधा मनगटाएवढा जाड पण उंची जेमतेम वीतभर. कचऱ्यात टाकवेना म्हणून जुन्या घमेल्यात लावला. बॉन्साय हा शब्द तेव्हा मला फक्त ऐकून माहीत होता, आणि सासूबाईंना एवढंच माहीत होतं की असली खुरटी झाडं घरात ठेवली की घराची वाढ खुंटते.

मग आम्ही अकोट्याला फ्लॅटमध्ये आलो, घमेलं बाल्कनीत आलं आणि मी रीतसर क्लास लावला. शिकवणाऱ्या बेन फार शिस्तीच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पट्टी काढली. झाडाच्या उंचीचा खालचा एक तृतीयांश भाग मोकळा, तिथे पहिली फांदी. मग एक डावी, एक उजवी, एक मागे. फांदी वळणाच्या बाहेरच्या बाजूला हवी, आतल्या बाजूला आली तर कापा. फांद्या एकमेकींना ओलांडून जायला नकोत. बघणाऱ्याच्या डोळ्यात घुसेल अशी समोर फांदी नको. उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट. झाडाला फ्रंट असतो, तो एकदा ठरवला की झाड कायम त्याच बाजूने बघायचं. सरळ उभं असेल तर चोक्कान, वळणं घेत उभं असेल तर मोयोगी, कुंडीखाली लोंबत असेल तर केंगाई. मी सगळं वहीत उतरवलं, आकृत्यांसकट. नियम पाळायचे असले की मला फार बरं वाटतं, पाककृतीत "चवीनुसार" लिहिलेलं असतं ना, तिथे माझा जीव घाबरा होतो.

तर मी वडाला अॅल्युमिनियमची तार गुंडाळली, ४५ अंशात, फांदीच्या एक तृतीयांश जाडीची, आणि सगळ्या फांद्या खाली झुकवल्या. कापला की वडाचा पांढरा चीक गळतो तो बोटांना लागला, गाऊनला लागला, गाऊनवर त्याचे काळपट डाग पडले ते आजतागायत आहेत. बेन म्हणाल्या एकदम परफेक्ट. घरी आणून टीपॉयवर ठेवलं तर लेक म्हणाली, मम्मी, हे ख्रिसमस ट्री का झालंय?

मला राग आला, पण पोरीचं बरोबर होतं. पुढचा महिनाभर मी येता-जाता त्या झाडाकडे बघत होते आणि ते मला गॅदरिंगमध्ये पोराला पुठ्ठ्याचं झाड बनवून उभं करतात तसं दिसत होतं. फांद्या खाली का झुकवायच्या हे मी वहीत लिहिलंच नव्हतं. मग शोधल्यावर कळलं की डोंगरातल्या जुन्या पाइनवर वर्षानुवर्षं बर्फ साचतो, त्याच्या वजनाने फांद्या खाली येतात, म्हणून झुकलेली फांदी दिसली की झाड म्हातारं वाटतं. बरं. बडोद्यात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे मिळतो. माझा वड कुठल्या बर्फाने वाकला म्हणायचा? वडाची साल पिंपळाला लावू नये म्हणतात, मी तर पाइनची वडाला लावून बसले होते.

मग अर्थातच मी दुसऱ्या टोकाला गेले. पकडीने सगळी तार तोडली. (उशीरच झाला होता, वड पावसाळ्यात इतका भराभर फुगतो की तीन-चार आठवड्यांतच तार सालीत रुतते, त्याचे मळसूत्रासारखे वळ एका फांदीवर अजून आहेत.) ठरवलं की आता कुणाचे नियम नकोत, आपलं ओरिजिनल काहीतरी. कात्री बाजूला ठेवली आणि झाडाला हवं तसं वाढू दिलं. दोन वर्षांत त्याला हवं होतं ते कळलं: त्याला परत दांडिया बाजारची भिंत फोडायची होती. तळहाताएवढी पानं, सरळसोट वर गेलेले चार फोक, खाली अंधार. ओरिजिनल म्हणतात ते हे नव्हे, हे नुसतं न विंचरलेलं होतं.

त्या काळात रात्री जागून मी या विषयाचे व्हिडिओ बघायचे, नवरा म्हणायचा वेबसिरीज बघ त्यापेक्षा. पण एक मजेशीर गोष्ट लक्षात आली, की ज्याला आपण जपानी नियम म्हणून हात जोडतो ते मुळात जपानी तरी कुठे. चीनमध्ये इ. स. ७०६ मधल्या झांगहुआई या राजपुत्राच्या थडग्यात भिंतीवर चित्र आहे, त्यात सेवक तबकात छोटी झाडं आणि दगड घेऊन चाललेत. तिथून ती कला जपानला गेली आणि तिथल्या लोकांनी आपल्या डोंगरांकडे बघून ती आपलीशी केली. उसळीचं बडोद्यात आल्यावर झालं तसंच की. आपली साधी उसळ, तिच्यावर इथल्या लोकांनी शेव घातली, तरी ओतली आणि तिची सेव उसळ झाली, आता पुण्याच्या नणंदेसमोर "मिसळच की ही" म्हणायची सोय नाही, बडोद्याचा माणूस भांडायला उठतो. तिलाही आता नियम आहेत, पावासोबतच खायची, तरी वेगळी मागायची.

आणि ते जॉन नाका, अमेरिकेतल्या बॉन्सायवाल्यांचे गुरुजी, नियम शिकवणाऱ्या पुस्तकांचे लेखक. त्यांचं सगळ्यात गाजलेलं 'गोशिन' हे एक छोटं जंगल आहे, ११ जुनिपरची झाडं. जंगलात झाडं विषम संख्येत हवीत हा नियम, त्यामुळे ११ अगदी शास्त्रशुद्ध. पण ती ११ आहेत कारण त्यांना नातवंडं ११! बारावं झालं असतं तर त्यांनी काय केलं असतं हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. १९८४ साली त्यांनी ते जंगल देऊन टाकलं, आता ते वॉशिंग्टनच्या सरकारी संग्रहालयात असतं.

डोळे उघडले ते मात्र कबीरवडला. भरूचजवळ, नर्मदेच्या बेटावर, होडीतून जावं लागतं. बडोद्याच्या माणसाची एक तरी सहल तिथे झालेली असतेच, मीही लहानपणी गेले होते पण तेव्हा लक्ष भेळेवर. यावेळी नीट बघितलं. कबीरांनी दात घासून टाकलेल्या काडीतून तो वड उगवला म्हणतात, म्हणजे वडाचं कटिंग जगतं हे त्यांना आपल्याआधी माहीत होतं. तिथे माझ्या वहीतला एकही नियम शिल्लक नव्हता. उंचीपेक्षा रुंदी कितीतरी जास्त. मूळ बुंधा कुठला हेच कळत नाही, पारंब्यांचेच बुंधे झालेत. फांद्या एकमेकींना ओलांडतात, नुसत्या ओलांडत नाहीत तर घासून घासून एकजीव होतात. पहिली फांदी एक तृतीयांशावर नाही, एखादी तर माणसाच्या डोक्याला लागेल इतकी खाली, पण पारंबीने टेकू दिलाय म्हणून पडत नाही. आणि फ्रंट? कुठूनही बघा, फ्रंटच. मी अर्धा तास मान वर करून फिरत होते आणि नवरा होडी सुटेल म्हणून ओरडत होता. तरी ते सगळं वाट्टेल तसं वाढलेलं नव्हतं, त्यालाही त्याची पद्धत होती, फक्त ती कुणी मला पट्टी घेऊन सांगितली नव्हती. आणि आमच्या बडोद्याचं नावच वडावरून पडलेलं, ८१२ सालच्या ताम्रपटात वडपद्रक म्हणून नोंद आहे त्याची, आणि मी इथे बसून वडाला पाइन करत होते!

घरी आले ती चारही फोक कापूनच. फांद्या आडव्या पसरवल्या. पावसाळ्यात हवा दमट झाली की वडाच्या फांदीला पारंबी फुटते, आधी नुसतं दाण्याएवढं पांढरं टोक, हात लावला तर मोडेल असं. ते मातीपर्यंत पोचेस्तोवर सुकून जाऊ नये म्हणून मी कोल्ड्रिंकची स्ट्रॉ उभी चिरली, आत ओलं मॉस भरलं आणि पारंबीला पायजमा घालावा तसं ते तिच्यावर चढवलं. दोन महिन्यांनी स्ट्रॉ सोडवली तर आत दोऱ्याएवढी पारंबी, खाली मातीत घट्ट. मला जे झालं ते बाळाला पहिला दात आल्यावर होतं तसंच. फोटो काढून बेनना पाठवला, वर लिहिलं, माझी स्वतःची स्टाइल.

त्यांचा रिप्लाय आला, "आ तो बनियन स्टाइल छे, बेन. सरस छे." बनियन म्हणजे इंग्रजीतला वड. खाली दहा-बारा फोटो, कुणाकुणाच्या बाल्कनीतले, सगळ्यांना स्ट्रॉ लावलेल्या.

असो. यंदा वटपौर्णिमेला सासूबाईंचे गुडघे फारच दुखत होते, सोसायटीबाहेरच्या वडापर्यंत जाणं शक्य नव्हतं. फांदी तोडून आणून पूजा करायची नाही हा त्यांचा नियम, त्याबाबतीत त्या बेनपेक्षा कडक. मग त्यांनीच बाल्कनीकडे बोट दाखवलं. ज्या झाडाने घराची वाढ खुंटणार होती ते!

"पण आई, फेऱ्या कशा मारणार?"

"मी कशाला मारू? ते तुझं केकचं फिरतं ताट आण."

आयसिंगचं टर्नटेबल आणलं, त्यावर वड, समोर खुर्चीत सासूबाई, हातात सुताची गुंडी. हळदकुंकू वाहिलं आणि एका हाताने टर्नटेबल फिरवायला लागल्या, सूत आपोआप बुंध्याला गुंडाळलं जात होतं, इतकं झकास की माझ्या तारेलाही कधी तसा ४५ अंश जमला नव्हता. चौथ्या फेरीला त्या थांबल्या.

"अगं, प्रदक्षिणा उजवीकडून ना? पण इथे मी नाही फिरत, झाड फिरतंय. मग हे सुलटं की उलटं?"

मी त्यांच्या खुर्चीभोवती फिरून बघितलं, मग झाडाभोवती, मग हवेत बोट फिरवून. झाड उजव्या हाताला ठेवून आपण फिरायचं तर ताट नेमकं दुसरीकडे फिरवायला हवं होतं.

"उलटं झालं, आई."

त्यांनी एक सुस्कारा टाकला आणि ताट परत उलट फिरवायला घेतलं, सूत सुटत सुटत मांडीवर पडत होतं. हॉलमधून सासऱ्यांनी पेपर खाली न घेता विचारलं, "किती जन्म झाले?"

"चार झाले होते," सासूबाई म्हणाल्या, "ते सोडवतेय आधी."