पाण्यात एकही रेघ नाही

टेबलासमोरच्या भिंतीवर कावासे हासुई या जपानी चित्रकाराच्या, लाकडी ठोकळ्यांवरून छापलेल्या एका नदीच्या चित्राची कॉपी चिकटवलीये, दोन महिने झाले, सकाळचा चहा घेताना नजर तिथंच जाते. गवती छपराची दोन घरं, काठाला बांधलेली होडी, बाकी नुसतं पाणी. परवा अचानक लक्षात आलं, या पाण्यात रेघच नाहीये! घराला आहे, होडीला आहे, पण पाणी म्हणजे फक्त निळा रंग, एका बाजूला गडद आणि मग फिका होत होत कागदातच विरून गेलेला.

शेजारची मुलगी फाइन आर्ट्सला प्रिंटमेकिंग करते, तिला विचारलं तर म्हणाली, काका, ही बोकाशी, म्हणजे उतरती छटा, या ना, करूनच दाखवते. साध्या प्लायवूडचा ठोकळा (जपानात चेरीचं लाकूड वापरायचे), तो ओल्या फडक्यानं पुसला, ब्रशच्या एकाच टोकाला रंग घेतला, दुसरं टोक नुसतं ओलं, आडवा फिरवला, मग ओलसर कागद खाचेत नीट बसवून पाठीमागून बारेननं (घासायची चपटी गोल गादी) गोल गोल घासला. पहिला कागद काय सुंदर निघाला, दुसऱ्यावर मात्र पट्टा उमटला! म्हणजे ही उतरती छटा लाकडात कोरलेली नसतेच, दर कागदाला छापणाऱ्यानं ती हातानं नव्यानं आणायची. हासुई चित्र काढायचा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि सगळ्यांना धरून ठेवणारा प्रकाशक वातानाबे शोझाबुरो. ती शांत नदी खरी त्या छापणाऱ्याच्या मनगटातली, आणि त्याचं नाव आपल्याला माहीतही नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेचे ठोकळे जळाले, हासुईची स्केचबुकंही गेली, आणि हा माणूस त्याच वर्षी परत लांबच्या प्रवासाला निघाला, नवीन स्केचेस करत. ऑगस्ट 2024 मध्ये इथं बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, बाबांच्या वह्यांचा ट्रंक भिजला, त्यानंतर कितीतरी दिवस मी पुलावर थांबतच नव्हतो, सरळ स्कूटर पुढे काढायचो.

काल थांबलो. काळा घोड्याजवळच्या पुलावर, सकाळचे साडेसहा, धुकं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, अलीकडे पाणी गडद आणि पुढे पुढे फिकं होत गेलेलं, मधे एका मगरीची पाठ, तेवढीच काय ती रेघ.